चढावरची टकटक

पावसाळा संपल्यावर कात्रजचा जुना घाट चढताना माझ्या सायकलीतून दर फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येऊ लागला. सपाट रस्त्यावर तो जाणवत नसे, पण चढ लागून पायडलवर जोर पडला की हमखास सुरू होई. तो पायांजवळूनच येतो, याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून दुकानात नेऊन बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा आस ज्यात फिरतो तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग, बदलून घेतला. टकटक तशीच राहिली. फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात आणि एका सांध्यातला आवाज त्यांतून भलतीकडेच ऐकू येतो, त्यामुळे केवळ कानावर विसंबणे चूक होते.

मग एका पहाटे, रहदारी नसताना, मी एकेक शक्यता वगळत गेलो. पायडल मारणे थांबवून सायकल नुसती सोडली, तेव्हा आवाज बंद झाला. म्हणजे चाकाचे काही घासत नव्हते. त्याच चढावर सीटवरून उठून, उभ्याने जोर दिला, तरीही सायकल गप्प राहिली. पायांवरचा भार तर वाढला होता. कमी झाला होता तो फक्त सीटवरचा.

घरी येऊन सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावली आणि तो उपसून काढला. नळीत बसणाऱ्या भागावर मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाचा करडा थर होता आणि त्यावरून बोट फिरवल्यावर वाळू खरखरत होती. दांडा आणि नळी आतून फडक्याने पुसली, ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि पकडीचा बोल्ट तिच्यावर छापलेल्या ५ न्यूटन मीटर या जोराच्या मापापर्यंतच आवळला. माझी फ्रेम आणि दांडा अॅल्युमिनियमचे आहेत. कार्बनच्या दांड्याला मात्र साधे ग्रीस लावू नये, तो घसरतो, त्यासाठी बारीक कणांची वेगळी पेस्ट मिळते.

उभ्यानेही आवाज आला असता, तर आधी पायडल काढून त्यांच्या आट्यांना ग्रीस लावले असते. हे काम १५ नंबरच्या पान्याने होते. फक्त डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला तर ते अधिकच घट्ट बसते.

दुसऱ्या दिवशी बोगद्यापर्यंत चढलो, तेव्हा फक्त चेनची सळसळ ऐकू येत होती. काढलेला बॉटम ब्रॅकेट मी जपून ठेवला आहे. हाताने फिरवला तर आजही अगदी मऊ फिरतो.