काय मालक, तिकडं गरीब असतात का?

सोलापूर स्टेशनाबाहेर पाय ठेवला की पहिली हाक येते ती 'मालक' अशी. 'कुठं सोडू मालक?' चहावाला मालक, पानवाला मालक, चौकात समोरून घुसणाराही 'ओ मालक, दिसत न्हाई का?' असंच ओरडतो. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. गिरण्यांचं, मागांचं, विड्यांचं गाव; खरे मालक बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळी कामगारवस्ती, आणि तरी इथं जो तो दुसऱ्याला मालक म्हणतो.

मी २०१० पासून कॅलिफोर्नियात आहे. दोन वर्षांतून एकदा येतो, शक्यतो जानेवारीत, गड्डा यात्रेच्या सुमाराला. आणि दर खेपेला कुणी ना कुणी विचारतंच, 'तिकडं गरीब असतात का?' 'असतात की' म्हणून मी वेळ मारून नेत आलो. यंदा हाच प्रश्न मावशीनं विचारला. मावशी सख्खी नव्हे, आईबरोबर विड्या वळायची ती. तिला 'असतात की' चालत नाही. तिला जेवढं जमलं तेवढं सांगितलं. तुम्हीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून तेच जरा सवडीनं लिहितो.

आधी मी कुठला ते सांगतो. आमचं घर पूर्व भागातलं. माझे तात, म्हणजे आजोबा, तेलंगणातून पोट भरायला सोलापुरात आले, हातमागावर बसले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. तेव्हा परदेशी जाणारा मी घरातला पहिला असेन, परगावी जाणारा पहिला नव्हे. नाना, म्हणजे वडील, गिरणीत होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, आणि घर आईच्या सुपावर आलं.

हजार विड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसचे चाळीस कट्टे. आदल्या रात्री पानं भिजवून गोणपाटात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. दुपारी वळलेल्या विड्या जमा करायला मी आईबरोबर कारखान्याच्या ब्रँचला जायचो. कारकून एक कट्टा उचलायचा, अंगठ्यानं दाबून बघायचा, आणि काही न बोलता बाजूच्या टोपलीत टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत आणि ती विडी परतही मिळायची नाही. पुढं तिचं काय होतं ते रांगेतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. आई परतताना त्याला तेलुगूत शिव्या देत यायची. तोही तेलुगूच होता, त्यामुळं जरा लांब आल्यावर.

पण एक होतं. कारकुनाच्या वर कोण, हे आईला माहीत होतं. मालकाचा बंगला कुठं, गाडी कुठल्या रंगाची, थोरली मुलगी कुठं दिली, सगळं. नानांची गिरणी बंद झाली तेव्हा गेट मीटिंगा व्हायच्या. मी त्यांच्या खांद्यावर बसून त्यातल्या दोन-तीन पाहिल्यात. पुढं फार काही हाती लागलं नाही, देणी वर्षानुवर्षं रखडली. पण राग कुठं न्यायचा हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

तिकडं पोचलो तेव्हा पहिल्या दिवशी मॅनेजरला 'सर' म्हणालो. तो म्हणाला, नावानं हाक मार. कंपनीचा संस्थापक कँटीनच्या रांगेत माझ्यापुढं ताट घेऊन उभा, अंगात टीशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. त्यालाही नावानंच हाक. पूर्व भागातून गेलेल्या पोराला हे केवढं वाटलं असेल बघा. मी आईला फोनवर म्हणालो, 'इथं मालक नसतोयच.' काही वर्षं मी ते खरं धरून चाललो.

२०२३ च्या सुरुवातीला एका पहाटे फोन बघितला तर ऑफिसचं ईमेल उघडेना. घरच्या ईमेलवर एक पत्र आलेलं, वरती माझं नाव, आपुलकीनं. खाली लिहिलेलं की तुमचं पद आता राहिलेलं नाही. मॅनेजरला फोन लावला. त्यालाही तासाभरापूर्वीच कळलेलं. यादी कुणी केली? त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या वरच्यालाही नाही. छाट तीच, फक्त अंगठा कुणाचा ते दिसेना. त्या दिवशी बाजार बंद होताना कंपनीचा शेअर वर गेला होता. मला नानांची आठवण झाली. गेट मीटिंग घ्यायची तर गेट लागतं. आमचं ऑफिस म्हणजे हिरवळ, सायकली आणि काचेची इमारत. गेट कुठंच नव्हतं.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत मालक कामगाराला कारण न देता काढू शकतो, आणि कामगारही तसाच सोडून जाऊ शकतो. कागदावर दोघं सारखेच. पण माझ्यासारखा एच-वन-बी, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावरचा माणूस सोडून जाणार कुठं? नोकरी संपली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. आरोग्य विमा त्या नोकरीला बांधलेला, घराचं भाडं पगारावर, मुलीची शाळा घराच्या पत्त्यावर. मला एकेचाळिसाव्या दिवशी काम मिळालं, कमी पगारावर. घासाघीस केली नाही. समोरच्याला माझी तारीख माहीत होती.

यंत्रमागावरच्या कामगारानं मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत त्याला माग सोडता येत नाही. आमची ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्याची, रांग तशीच, फक्त उचलीचे पैसे हातात पडलेले नाहीत. नोकरीवर मिळणाऱ्या कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर हिस्सा नाही. भारत केवढा, रांग केवढी. माझा अर्ज २०१५ चा, नंबर अजून यायचाय. आता २०२५ च्या सप्टेंबरपासून बाहेरून नव्यानं बोलावायच्या एच-वन-बी माणसामागं कंपनीनं एक लाख डॉलर भरायचे असा हुकूम निघालाय. म्हणजे पुढचा पोरगा पोचलाच तर किती डोक्यावर घेऊन पोचेल ते बघा.

हे सगळं मावशीला सांगताना माझी जीभ अडखळत होती, हे कबूल करतो. ती जमिनीवर बसून पानं कातरत होती, आणि माझा एका महिन्याचा पगार म्हणजे तिच्या कित्येक वर्षांच्या विड्या. ती म्हणाली, 'ते तुझं झालं. मी गरिबाचं विचारलं.'

बरोबर होतं तिचं. मग तिला एल कमिनो रियल सांगितला. पालो आल्टो गावातला मोठा रस्ता, स्टॅनफर्ड विद्यापीठाला लागून जाणारा. त्याच्या कडेला कितीतरी वर्षं जुन्या घरगाड्यांची ओळ लागलेली असायची. सहलीला नेतात तसल्या गाड्या, पण त्यांत माणसं कायमची राहायची. भिकारी नव्हेत, कामावर जाणारी माणसं. त्यातला एकजण आमच्याच जुन्या ऑफिसच्या स्वयंपाकघरात होता. रोज दुपारी मला सॅलड वाढायचा, आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता. एकदा रविवारी मुलीला सायकल शिकवताना तो गाडीच्या पायरीवर दाढी करताना दिसला. आम्ही दोघांनीही हात वर केला. पुढं काय बोलायचं ते सुचलं नाही. त्याच गावातलं साधं घर वीस-तीस लाख डॉलरला जातं.

तिथलाच आणखी एक प्रकार. १९७८ साली कॅलिफोर्नियात लोकांनी मतदानानं ठरवलं की घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि ती किंमत पट्टीसाठी वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. हेतू चांगला होता, म्हाताऱ्या माणसांना घर सोडावं लागू नये. पण झालं काय, तेव्हाच्या घरमालकाला नाममात्र पट्टी, आणि शेजारी तसंच घर काल विकत घेणाऱ्याला त्याच्या दहा-दहा पट. मोठमोठ्या कंपन्यांच्या जागांनाही तीच सवलत. ती काढायचा ठराव २०२० मध्ये मताला आला आणि थोडक्यात पडला. आपल्याकडच्या वतनांची आठवण यावी असा मामला. आधी आला तो वतनदार, नंतर आला तो उपरा. उपऱ्याच्या बाजूनं मला हे जरा जास्तच टोचतं, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानं घ्या.

कुणाकडं किती संपत्ती, ते आकडे मावशीला चादरीत सांगितले. शंभर माणसं, शंभर चादरी. अमेरिकेत वरच्या एका माणसाकडं तीस चादरी, आणि खालच्या पन्नास जणांत मिळून अडीच. हा तिथल्या मध्यवर्ती बँकेचाच हिशेब. ती पानं बाजूला ठेवून म्हणाली, 'आणि इथं?' इथं, २०२४ साली अर्थतज्ज्ञांनी केलेल्या मोजणीनुसार, वरच्या एकाकडं चाळीस. मावशी म्हणाली, 'मग तू आम्हाला कशाला सांगतोयस तिकडचं?'

तिचा खरा रस निवडणुकीत होता. 'तिकडं मतदानाला पाकीट वाटतात का?' नाही म्हणालो. मतदाराच्या दारात पाकीट घेऊन कुणी येत नाही. पैसा जाहिरातींत जातो. २०१० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कंपन्या स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा खर्च करू शकतात, तो बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग. मग २०२४ मध्ये इलॉन मस्क या एकट्या माणसानं पंचवीस कोटी डॉलरहून जास्त ओतले, आणि निवडणूक झाल्यावर सरकारी खर्च कापण्याचं काम त्याच्याकडंच आलं. सरकारी नोकरांना ईमेल गेलं, गेल्या आठवड्यात काय केलंत ते पाच ओळींत कळवा. हां, आणि त्यानं मोक्याच्या राज्यांतल्या नोंदणीकृत मतदारांकडून एका अर्जावर सह्या घेतल्या, आणि सही करणाऱ्यांतल्या एकाला रोज दहा लाख डॉलर दिले. कोर्टात गेलं, पण थांबलं नाही. 'म्हणजे वाटलंच की पाकीट,' मावशी म्हणाली. 'फक्त एकालाच दिलं. सगळ्यांना दिलं असतं तर भाकरी तरी झाली असती.'

मला तिथं मत नाही. इतकी वर्षं कर भरतोय, मत नाही. इथलं मत द्यायचं तर प्रत्यक्ष येऊन द्यावं लागतं, म्हणजे तेही नाही. मावशीला मात्र आहे, आणि नुसतं मतच नाही. ती राहते ते घर कुंभारीतलं, गोदूताई परुळेकर वसाहतीतलं, विडी कामगार बायकांसाठीच्या दहा हजार घरांपैकी एक. कम्युनिस्ट पुढारी आडम मास्तरांच्या मागं किती मोर्चे काढले याची तिनं गणती सोडून दिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. पुढं शेजारीच रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं, त्यातल्या पंधरा हजार घरांसाठी १९ जानेवारी २०२४ ला नरेंद्र मोदी येऊन गेले. लाल बावट्याची मागणी आणि चावी द्यायला हे दोघं. ही करामत सोलापूरच करू जाणे. विडीचा दर अजूनही पुरत नाही, छाट अजूनही होते, पण डोक्यावरचं छप्पर तिनं कुणाच्या तरी दारात बसून मिळवलंय. मी तिकडं कुणाच्या दारात बसणार होतो? यादी कुणी केली तेच कळलं नाही.

हे मी तिला जरा रंगवूनच सांगत होतो. खरा मालक तिकडं दिसत नाही, मावशी. त्याचं घर कुठंय कळत नाही. तोही म्हणतो मी कोण, भागधारक सांगतात तसं करतो. आणि भागधारक कोण, तर आमच्या निवृत्तीच्या फंडात सगळ्या कंपन्यांचा चिमूट-चिमूट भाग असतो, म्हणजे मला काढलेल्या कंपनीचाही. त्या दिवशी शेअर वर गेला त्यात माझेही दोन-चार डॉलर वाढले असतील. मावशीला हे काही पटलं नाही. ती म्हणाली, 'गोल गोल बोलू नको.'

तेवढ्यात माझा फोन वाजला. २०१९ मध्ये मी जुळे सोलापुरात एक फ्लॅट घेतला. व्यवहार मोबाईलवरूनच झाला, भाडेकरू एजंटनं बघितला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे एवढं मला माहीत. अकरा महिन्यांचा करार, दर नव्या कराराला दहा टक्के वाढ, एजंट म्हणाला तसं. शेजारचे त्याहून कमी वाढीवर थांबले होते, असं नंतर कळलं. मी काही कमी केलं नाही.

'मालक,' पलीकडून आवाज आला, 'पाणी चार दिवसांनी आलं आणि मोटर जळालीय. वर चढंना. लहान पोर हाय घरात. तुम्ही आलाय असं कळलं म्हणून डायरेक्ट लावला.'

स्टेशनावरचा रिक्षावाला म्हणतो तसा हा 'मालक' नव्हता. मी म्हणालो, 'एजंटशी बोला ना, तो बघेल.' दोनदा म्हणालो. फोन ठेवला.

मावशीची कात्री थांबली होती. 'कोण रे?'

'भाडेकरू.'

'भेटलास का त्याला कधी?'

'नाही. एजंटच बघतो सगळं.'

तिनं एक पान उचललं, पत्र्यावर ठेवलं, कडा कातरली. 'जुळे सोलापूर,' ती म्हणाली, 'ते काय अमेरिकेत हाय?'