मेजाचा हिरवा रंग निघाला, आता खणांची दुरुस्ती

मेजावरचा हिरवा ऑइलपेंट एकदाचा निघाला. खाली अस्सल सागवान आहे! डावीकडच्या खणाच्या तळाची फळी सोडली तर काही बदलावं लागणार नाही. सोबत दुरुस्तीला घेतलेली वेताची आरामखुर्ची मात्र मागे पडलीये. तिच्या चौकटीला कडेने भोकं आहेत, म्हणजे वेत हाताने विणायचा, आणि तसा विणणारा अजून सापडलेला नाही.

मेज जालन्याच्या एका वखारीतलं. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड तिथे येतं. विकणारा म्हणाला, "भाऊ, निजामाच्या काळातलं आहे." मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे या एका वाक्यावरून वस्तूचं वय कळत नाही. वय विचारायचं ते वस्तूलाच. मी खण पूर्ण बाहेर काढले आणि मेज उलटं करायला लावलं. खणांच्या कोपऱ्यांत डव्हटेल सांधे होते (कबुतराच्या शेपटीसारखे, एकमेकांत अडकणारे), एकही दुसऱ्यासारखा नाही, म्हणजे हाताने कापलेले, आणि शेजारी सुताराने आखणीला ओढलेली बारीक रेघ अजून शाबूत. खालच्या अंगाला बोटं फिरवली तर रंध्याच्या उथळ लाटा लागतात. मशीनवर काढलेली फळी अशी लागत नाही. बिजागरीला मात्र अधिकच्या खुणेचे स्क्रू निघाले. ते १९३० च्या दशकानंतरचे, म्हणजे बिजागरी नंतर बदललेली. तेवढ्यावर आणि किडलेल्या फळीवर बोलून ९,००० चं मेज ६,५०० ला ठरलं.

शेजारीच एक गोल टीपॉय होता, दिसायला फारच देखणा. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे अखंड लाकडाचा जुना गोल कालांतराने किंचित लंबगोल होतो. टेप लावला तर दोन्हीकडून माप तंतोतंत सारखं. कड निरखून पाहिली, प्लायवर सागाची व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेली होती. सोडून दिला.

माझं ठाम मत असं की आपल्याकडे जुनं फर्निचर भर वैशाखात बघावं. कोरड्या हवेत लाकूड जास्तीत जास्त आकसलेलं असतं, मग ढिला सांधा लपत नाही, फळ्यांमधली फट उघडी पडते. श्रावणात तीच फट फुगून बुजते आणि खुर्ची भक्कम वाटते. खणांचं उलट. उन्हाळ्यात सरसर सरकणारे खण पावसाळ्यात अडकतात, आणि लोक लगेच रंधा मारायला घेतात. मारू नका. पुढच्या उन्हाळ्यात तो खण खडखडायला लागेल. घसटणाऱ्या कडांवर मेणबत्ती घासा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

किडीचं म्हणाल तर भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती जुनी असू शकतात. खाली वर्तमानपत्र पसरून लाकडावर ठोकायचं. पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. माझ्या खणाच्या तळातून पडला. ती फळी सागाच्या गाभ्याबाहेरच्या पांढुरक्या लाकडाची होती, किडीला तेच आवडतं. काढून घराबाहेर टाकली. बाकी मेज गाभ्याचं, ठणठणीत.

रंग काढताना एक काळजी मनापासून घ्या, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासला नाही, ज्योतीच्या ब्लो-टॉर्चने तापवलाही नाही. अंगणात, मास्क लावून, रिमूव्हरने मऊ केला आणि ओला असतानाच खरवडला. वेळ लागतो, पण धूळ उडत नाही.

पॉलिश चपड्याचंच करणार. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. दमट हवेत ते पांढुरकं पडतं, म्हणून दसऱ्यानंतरच हात घालीन. तोवर खणाच्या तळासाठी जुन्या सागाची पातळ फळी शोधतोय. नव्या लाकडाचा रंग जुळत नाही. नांदेड-परभणीकडच्या वखारीत कुणाला अशी दिसली तर जाडी मोजून कळवा, मला अर्धा इंच पुरे.