कोडमध्ये नसलेला एक्सॉर

क्रिप्टोग्राफी मी कागदावर शिकले. आधी गणिताची डिग्री, मग मास्टर्स, सगळा वेळ फील्ड्स, ग्रुप्स आणि प्रूफ्स. हार्डवेअरकडे वळले ती पॉल कोचर, जॅफ आणि जुन यांच्या, चिपच्या वीजवापरावरून गुप्त की काढण्याबद्दलच्या १९९९ च्या पेपरमुळे. एईएस-१२८ या एन्क्रिप्शन पद्धतीची १२८ बिटांची की शोधायची तर २ चा १२८ वा घात इतक्या शक्यता, हे पाठ होतं. पण चिप काम करताना किती करंट ओढते ते मोजलं की कीचा एकेक बाइट वेगळा पकडता येतो, म्हणजे १६ बाइट, प्रत्येकाला २५६ अंदाज, झाले फक्त ४०९६. हा हिशोब मी वहीत परत परत करून बघितला आणि ठरवलं की काम करायचं तर यातच.

त्यावर उपाय म्हणजे मास्किंग. गुप्त बाइट कधीच अख्खा ठेवायचा नाही, त्याचे दोन शेअर करायचे, एक रँडम आणि दुसरा म्हणजे गुप्त बाइट एक्सॉर तो रँडम (एक्सॉर म्हणजे दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०). एकटा कुठलाही शेअर बघितला तर निव्वळ कचरा. आमच्या फर्मवेअरमधलं मास्क्ड एईएस मी लिहिलं होतं, प्रूफही माझंच, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी लॅबमध्ये आले तर रात्रभर लावून ठेवलेले दोन लाख ट्रेस, म्हणजे एकेका एन्क्रिप्शनच्या वेळी मोजलेल्या करंटचे आलेख, जमा झाले होते. टी-टेस्ट चालवली. यात अर्ध्या वेळा एकच ठरलेला इनपुट देतात, अर्ध्या वेळा रँडम, आणि दोन्हीकडच्या ट्रेसमध्ये फरक दिसायला नको, टीची व्हॅल्यू ४.५ च्या आत राहायला हवी. ग्राफ सगळा सपाट होता पण एका जागी सुईसारखं टोक, ११ च्या वर.

आधी वाटलं ट्रिगर, म्हणजे मोजणी कधी सुरू करायची ते सांगणारा सिग्नल, हलतोय. मग प्रोब बदलला, पॉवर सप्लाय बदलला, ट्रेस परत घेतले, टोक तिथेच. रँडम नंबर जनरेटर बंद करून बघितला तर ग्राफभर टोकंच टोकं, म्हणजे मास्किंग चालू असताना ते काम करत होतं, फक्त ही एक जागा सोडून. दुपार अशीच गेली. शेवटी ट्रिगरची पिन कोडमध्ये पुढे-मागे सरकवत सरकवत नेमकी क्लॉक सायकल पकडली आणि डिसअसेम्बली, म्हणजे कंपाइलरने सी कोडमधून बनवलेल्या चिपच्या इन्स्ट्रक्शन्स, उघडली. (ज्युनिअर्स विचारतात काय शिकू, तर मी स्टॅटिस्टिक्सच्या बरोबरीने हेच सांगते, असेम्बली वाचता आली पाहिजे.)

दोन लोड इन्स्ट्रक्शन्स होत्या, एकापाठोपाठ एक, दोन्ही आर३ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच छोट्या साठवणीच्या जागेत. सी कोडमध्ये माझे दोन शेअर दोन वेगळ्या व्हेरिएबल्समध्ये होते, पण पहिल्याचं काम संपलं म्हणून कंपाइलरने तेच रजिस्टर दुसऱ्याला दिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त रजिस्टरमधली जुनी व्हॅल्यू जाऊन नवी येते तेव्हा जितके बिट पलटतात त्या प्रमाणात करंट जातो, आणि एका शेअरवर दुसरा शेअर आला तर पलटणारे बिट म्हणजे त्या दोघांचा एक्सॉर, म्हणजे तोच गुप्त बाइट. माझ्या प्रूफची पहिली ओळ हीच होती, एक्स बरोबर ए एक्सॉर बी. चिपने ती ओळ माझ्यासमोर उलटी करून दाखवली होती, आणि मी बराच वेळ त्या दोन इन्स्ट्रक्शन्सकडे बघत बसले.

मध्ये रजिस्टर शून्य करणारी ओळ घातली. टोक उतरलं पण ६ वर अडकलं, कारण मेमरी बसवर, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसरमधल्या तारांवर, आधीची व्हॅल्यू तशीच रेंगाळत होती. मग दोन्ही लोडच्या मध्ये मेमरीतून एक फालतू रँडम बाइट वाचायला लावला, आणि हा भाग सीमध्ये न ठेवता हाताने असेम्बलीत लिहिला, म्हणजे कंपाइलर त्याला हात लावणार नाही. रात्री दहा लाख ट्रेस लावून घरी गेले.

सकाळी ग्राफ सपाट होता, सगळ्यात वरचं टोक ३.९. मी प्रूफचे कागद काढले आणि गृहीतकांच्या खाली पेनने एक ओळ वाढवली: एकाच संख्येचे दोन शेअर एकाच रजिस्टरमधून किंवा बसवरून एकापाठोपाठ जाणार नाहीत.