त्रिशंकूचं डोकं

"मामा, हो उलटो टांगलेलो ना? मगे हेचा डोक्या खंय?"

काल रात्री नऊच्या सुमारास देवबागच्या वाळूत बसून भाच्याला त्रिशंकू दाखवत होतो. मे महिन्यात तो आपल्याकडून बरा दिसतो, तोही दक्षिण क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर. ८८ तारकासमूहांतला हा सगळ्यात छोटा.

गोष्ट सांगून झाली होती. सदेह स्वर्गात निघालेला राजा, त्याला ढकलणारा इंद्र, 'तिष्ठ, तिष्ठ' म्हणणारा विश्वामित्र. डोक्याचा विचार मात्र मी कधीच केला नव्हता! पाहिलं तर सगळ्यात तेजस्वी तारा नेमका तळाशी. म्हटलं, तेच डोकं असणार.

मग दुर्बीण दिली. डावीकडच्या ताऱ्याला खेटून रत्नमंजूषा आहे, सुमारे ६,४०० प्रकाशवर्षं दूरचा तारकागुच्छ. दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपहून बघताना खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलला तो दागिन्यासारखा वाटला होता. आम्हाला दमट हवेत धुरकट ठिपका दिसला. भाचा म्हणाला, "राजाच्या खिशातसून पडला आसतला."

परतताना आठवलं, पृथ्वीचा अक्ष डुलतो, म्हणून त्रिशंकू खरंच खाली सरकतोय. प्राचीन काळी तो ग्रीसमधूनही दिसायचा, आता तिथल्या क्षितिजावर येतही नाही.

हे भाच्याला सांगितलं नाही. विश्वामित्राचा हात सुटतोय, असं आठ वर्षांच्या पोराला कसं सांगायचं?