न्यू जर्सीतल्या काउंटी जेलमधून रिटायर होताना: २५ वर्षांचं गणित आणि एक जुनी रजा

बरेच दिवस लिहायचं होतं. आपल्या मराठी लोकांत युनिफॉर्मची नोकरी करणारे फार कमी, त्यामुळे विचारायला कोणी नसतं. ४०१केबद्दल, म्हणजे खाजगी नोकरीतल्या रिटायरमेंटच्या बचत खात्याबद्दल, विचारा, दहा जण सांगतील, आमच्या पेन्शनबद्दल मला घरात किंवा मंडळात कोणी एक वाक्य सांगू शकलं नाही. मी न्यू जर्सीत एका काउंटी जेलमध्ये करेक्शन ऑफिसर होते, २००० साली लागले, आता सुटले. आमची पेन्शन पीएफआरएसमधून येते, म्हणजे पोलीस आणि फायरवाल्यांचा राज्याचा जो फंड आहे त्याच्यातच काउंटीचे शेरीफ ऑफिसर आणि आम्ही जेलवाले पण येतो.

नियम तसा सरळ आहे. २५ वर्षं भरली की वय काही असो, शेवटच्या पगाराच्या ६५ टक्के, पुढे दर वर्षाला १ टक्का, ३० वर्षांना ७० आणि तिथे थांबतं. हे आमच्यासारख्या जुन्यांचं. २८ जून २०११ किंवा त्यानंतर जे लागले त्यांना २५ ला ६० आणि ३० ला ६५. शिवाय आमचा शेवटच्या १२ महिन्यांचा पगार धरतात, २१ मे २०१० नंतर लागलेल्यांची तीन वर्षांची सरासरी. आणि पगार म्हणजे फक्त बेस बरं का! मँडेट होऊन होऊन, म्हणजे सक्तीने थांबवल्यामुळे, डबल शिफ्ट केल्या, दिवाळीच्या रात्री टिअरवर, कोठड्यांच्या रांगेसमोर, उभी राहिले, त्या ओव्हरटाइमचा एक पैसा पेन्शनमध्ये धरत नाहीत. पगारातून मात्र २०११ च्या कायद्यानंतर साडेआठ टक्क्यांऐवजी १० टक्के कापायला लागले.

आता खरा मुद्दा. २५ म्हणजे कॅलेंडरची २५ नाहीत, फंडात ज्या महिन्यांचे पैसे गेले ते महिने. माझ्या मुलीच्या वेळी, २००६ मध्ये, मी जवळपास पाच महिने बिनपगारी होते. बाळंतपण अवघड गेलं होतं, सिझेरियन, नंतर इन्फेक्शन, टाके परत उघडले, डॉक्टरांनी कामावर जाऊ दिलं नव्हतं. तेवढे महिने कमी. ते बायबॅक करता येतात, म्हणजे पैसे भरून सर्व्हिस विकत घ्यायची, स्वतःच्या आजारपणाची बिनपगारी रजा दोन वर्षांपर्यंत घेता येते, खाजगी कारणाची किंवा मूल सांभाळायची फक्त तीन महिने. मॅटर्निटी आजारपणात धरतात पण तीन महिन्यांच्या वर हवं असेल तर बाळंतपणामुळे तुम्ही काम करू शकत नव्हता असं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आणि आमच्या एचआरने जुन्या रेकॉर्डवरून काय लिहून पाठवलं? चाइल्ड केअर लीव्ह. झालं, तीन महिने मंजूर, बाकीचे नाही.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. मी घरी बाळाला खेळवत बसले नव्हते हो, ताप अंगात घेऊन पडले होते! एचआरमधली बाई म्हणाली फाइलमध्ये दुसरं काही नाही, डॉक्टरकडून आणा. डॉक्टर केव्हाच रिटायर झालेले, प्रॅक्टिस दुसऱ्या ग्रुपने घेतलेली, आणि इथे डॉक्टरांना सात वर्षांच्या पुढे रेकॉर्ड ठेवायचं बंधनच नाही, तिथे काही मिळालं नाही. परत एचआर, परत तेच उत्तर, ईमेल केला की आठवडे जायचे, फोन केला की व्हॉइसमेल, आणि प्रत्यक्ष गेलं की ती व्यक्ती त्या दिवशी सुट्टीवर. माझी शिफ्ट रात्रीची, सकाळी सुटून न झोपता तिथे जाऊन बसायचं. कोणी म्हणेल काढा की अजून दोन महिने. पण जेलमधले दोन महिने आणि ऑफिसातले दोन महिने सारखे नसतात, माझे गुडघे गेलेत, आणि ते महिने माझ्या हक्काचे होते, ते मी का सोडायचे?

शेवटी आमच्या युनियनच्या डेलिगेटने एकच प्रश्न विचारला, मेडिकल फाइल बघितली का? मला माहीतच नव्हतं की अशी वेगळी फाइल असते. अमेरिकेत एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे नोकरीवाल्यांची वैद्यकीय कागदपत्रं पर्सनेल फाइलमध्ये ठेवताच येत नाहीत, वेगळी ठेवावी लागतात. एचआरने एवढे महिने फक्त पर्सनेल फाइल उघडून मला नाही म्हटलं होतं! मी लेखी मागणी केली, मेडिकल फाइल असा शब्द घालून, डेलिगेटला कॉपी ठेवून. आणि त्यात होतं ना, कामावर परत येताना भरलेला फिट फॉर ड्यूटीचा फॉर्म, डॉक्टरची सही, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम करण्यास असमर्थ, कारणासकट. गाडीत बसून रडले मी तो कागद हातात धरून. एचआरला दुरुस्त पत्र द्यावं लागलं, ते ट्रेंटनला, पेन्शनच्या ऑफिसला, गेलं, उरलेले महिने मंजूर.

बायबॅकचा अर्ज नोकरीत असतानाच करायचा, रिटायर झाल्यावर नाही. आणि लवकर करा, कारण किंमत तुमच्या आत्ताच्या वयावर आणि पगारावर काढतात, जितका उशीर तितकी महाग. कोटेशन येतं त्याला मुदत असते.

बाकी अर्ज एमबीओएसवर, म्हणजे पेन्शनच्या वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात, ऑनलाइन होतो, काही त्रास नाही. रिटायरमेंटची तारीख नेहमी महिन्याची एक. सर्व्हिस किती भरली ते तिथेच महिन्यांत दिसतं, ते आत्ताच बघून ठेवा, विशेषतः बायकांनी, बाळंतपणाची वर्षं आधी तपासा.

हो, ते २० वर्षांचं राहिलं. २०२१ मध्ये कायदा झाला की २० वर्षांवर कुठल्याही वयात ५० टक्के घेऊन निघता येतं, पण तो मुदतीचा होता, तुमच्या वेळी लागू आहे का ते फंडाकडून लेखी घ्या, लॉकर रूममधल्या गप्पांवर जाऊ नका. माझं मत विचाराल तर जमत असेल तर २५ कराच, ६५ आणि ५० मध्ये आयुष्यभराचा फरक आहे, कारण महागाईची वाढ २०११ पासून बंदच आहे, पहिल्या महिन्याला जो आकडा तोच पुढे. रिटायर झाल्यावरच्या हेल्थ इन्शुरन्सची सवलत पण २५ वरच बसते, तो अर्ज पेन्शनच्या अर्जापेक्षा वेगळा असतो, तो राहू देऊ नका.

नवऱ्याला किंवा बायकोला मागे पेन्शन मिळावी म्हणून पीएफआरएसमध्ये आपली पेन्शन कमी करून घ्यावी लागत नाही. जोडीदाराला शेवटच्या पगाराच्या ५० टक्के मिळतातच. हे माझ्या नवऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना, त्याला पुस्तिकेचं पान काढून दाखवलं.