चावा नव्हता, तरी

"हाडूक फसलं असन नरड्यात," असं म्हणत शेजारच्या काकूंनी तांबी या कुत्रीच्या पिलाच्या तोंडात दोन बोटं घातली, तेव्हा मी चार पावलांवर चुलीपाशी ज्वारीच्या कण्या ढवळत होते. "काकू, हात काढा!" हे तोंडातून निघायला मला किती वेळ लागला, ते मी अजून मनात मोजते. दोन महिने झाले.

आर्वी तालुक्यात आमचं गाव. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. तिथे मी टाकून दिलेली, जखमी कुत्री ठेवते, बरी झाली की त्यांना घर शोधते. लोकांना वाटतं यात नुसते लाड असतात. निम्मा दिवस धुण्यात जातो. पार्वो या पिलांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, फिनाईलने तो मरत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. हे मला पाच पिलं गेल्यावर कळलं. अंथरायला तुरीचं कुटार नको, पोटाच्या कोवळ्या कातडीला टोचतं, गोणपाट बरं. आणि नवीन आलेलं पिलू 14 दिवस सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, बाकीच्यांपासून दूर. हा नियम मी कोणासाठी मोडत नाही.

तांबी आणि तिच्या दोन बहिणी दसऱ्याच्या सुमाराला गावाबाहेरच्या उकिरड्यावर पोत्यात सापडल्या. तिघी माद्या, म्हणूनच पोत्यात. नर पिलं ठेवून माद्या फेकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, आणि तो त्यांच्या तोंडावर बोलायला मी कचरत नाही. तांबीच्या मागच्या पायावर सुकलेल्या दोन बारीक खपल्या होत्या. बोरीचा काटा लागला असेल, असं मी धरून चालले. जंताचं औषध वजन करून दिलं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यायची असते. तिच्या खालच्या जबड्यातले पुढचे दात अजून दुधाचे होते, तांदळाच्या कणीएवढे, म्हणून मी थांबले. दात बघून वय सांगण्यात माझा हात बसलेला आहे, आणि वयाचा अंदाज चुकला नव्हताच. खपल्यांचा बहुधा चुकला, ते चाव्याचे व्रण असावेत.

14 दिवस नीट गेले. चौथ्या आठवड्यात तिचा आवाज घोगरा झाला. थंडी पडली होती, मी छातीला शेक दिला. दुसऱ्या दिवशी तिने कण्यांचा घास तोंडात घेतला आणि तो तसाच खाली पडला. खालचा जबडा लोंबत होता, जीभ एका बाजूला, तोंडातून चिकट लाळेची तार पार मातीपर्यंत. ती गुरगुरली नाही, कोणावर धावली नाही. लाकडाच्या ढिगामागे अंधारात जाऊन बसली, हाक मारली की शेपूट हलवायची. आपल्याकडे पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की गावभर धावणारं, दिसेल त्याला चावणारं एवढंच डोळ्यांसमोर येतं. रेबीजचा मुका प्रकार असतो, त्यात घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात, आणि बघणाऱ्याला हमखास वाटतं की हाड अडकलंय. हे मी वाचलेलं होतं. तरी त्या सकाळी मी उघड्या हाताने तिची लाळ पुसली होती.

काकूंना ओढतच नळावर नेलं. साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरायला लावला. तेव्हा त्यांची बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. कापूस वेचणीचे दिवस. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. दोन्ही हातांच्या नखांच्या कडा फाटलेल्या, पेरांवर ताजे लाल ओरखडे, एका ठिकाणी रक्ताचा ठिपका. आमच्या गावात या दिवसांत कोणत्याही बाईचा हात असाच असतो.

"चावलं तं नाही नं वं," काकू म्हणाल्या. "पोटात चौदा सुया घ्यायले मी नाही येत. आज माही वेचणी बुडते."

पोटातली ती इंजेक्शनं 2004 नंतर बंद झाली, आता दंडात देतात, हे सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी मी म्हटलं, आजची रोजी माझ्याकडून घ्या, पण चला. रोजी त्यांनी घेतली नाही, पण चपला घातल्या.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कुठे चावलं?" चावलं नाही म्हटल्यावर त्याने केसपेपर बाजूला सरकवला. फाटलेल्या कातडीला लाळ लागली तर ती जोखीम खोल चाव्याइतकीच, तिसऱ्या म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातली, लस आणि सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही लागतात. हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो दातांच्या खुणा शोधत होता. अशा खिडकीवरून किती जण परत गेले असतील, या विचाराने मला झोप लागत नाही. काकूंचा हात धरून मी ट्यूबलाईटखाली नेला, तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर बाई आल्या. त्यांनी बोटं उलटसुलट पाहिली आणि लगेच लस लिहून दिली. सीरम तिथे नव्हतं, वर्ध्याला जावं लागलं.

सीरम जखमेतच टोचतात. बोटाच्या पेरात मांस ते किती, तिथे सुई शिरताना काकूंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी वाकली. तोंडातून हूं की चूं नाही. मला फक्त दोन इंजेक्शनं घ्यायची होती, त्या दिवशी आणि तीन दिवसांनी, कारण मी आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवली आहे. कुत्री मी आणते, लस मी घेतलेली, आणि सीरमची सुई त्यांच्या बोटात. माझ्या अंगणात येणाऱ्या कोणालाही मी कधी म्हटलं नव्हतं की तुम्हीही घेऊन ठेवा.

संध्याकाळी आमचे सरकारी पशुवैद्य मोटारसायकलवर आले. एवढ्या गावांची ढोरं एकटा माणूस बघतो, तरी आले. लक्षणं रेबीजचीच आहेत, म्हणाले, पण खात्री मेंदूच्या तपासणीशिवाय होत नाही. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या आजारातही जबड्याचा त्रास होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे तांबी गेली. डोकं बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायची सोय जमली नाही. हातमोजे घालून आम्ही तिला खोल पुरलं. त्यामुळे ती कशाने गेली हे मला कधीच ठामपणे कळणार नाही. पायावरच्या त्या खपल्यांचा फोटोही मी काढलेला नाही.

काकूंचे लसीचे 0, 3, 7 आणि 28 असे चारही दिवस पूर्ण झाले. 28 व्या दिवशी वेचणी सोडून त्या स्वतःच फाटकात येऊन उभ्या राहिल्या, "चाल वं, आज तारीख हाये नं?" वाड्यातल्या आणखी दोघी बायांनी त्यांच्याबरोबर येऊन, आम्हालाही आधीच घेता येते का, म्हणून विचारलं.

तांबीच्या बहिणींना त्याच आठवड्यात लस दिली. तिघी एकाच ताटलीत जेवायच्या, एकीला चावलं असेल तर दुसरीलाही चावलं असेल. त्या सहा महिने सांदवाडीतच राहतील, हातमोज्यांशिवाय तिथे कोणी जाणार नाही. रोज सकाळी पाण्याचं घमेलं ठेवते आणि कुडापलीकडे उभी राहते. धाकटी आधी येते, मग मोठी. पाण्यावर जिभेचा लपलप आवाज दोघींचाही वेगवेगळा ऐकू येईपर्यंत मी चुलीकडे वळत नाही.