हार्ट फेल्युअर, मायक्रोआरएनए आणि आपल्याकडचं रक्त

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो स्वतः प्रथिन घडवत नाही, दुसऱ्या जनुकाच्या निरोपाला चिकटून त्याचं प्रथिन बनणं कमी करतो. हृदय थकायला लागलं, म्हणजे हार्ट फेल्युअर झालं, की यांचा तोल ढळतो. मिर-२१ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए) वाढतो आणि स्नायूत तंतू साचून तो ताठर होतो. कोलॅजेनला लगाम घालणारा मिर-२९ कमी होतो. मिर-१३२ वाढला की पेशी फुगतात; त्याला अडवणारं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं आहे. निदानाला मात्र आजही टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) हेच.

हे रेणू रक्तात मोजता येतात, पण आकड्याचा घात होतो तो रक्त काढल्यावरच्या पहिल्या दोन तासांत. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. सातपुड्यातल्या धडगावच्या घाटातून नळी हिंदकळत आली, थोड्या पेशी फुटल्या, की आकडा गेलाच. प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव) पिवळा दिसतो म्हणून फसू नका. ४१४ नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण (फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनची खूण) ०.२ च्या वर असेल, किंवा मिर-२३ए आणि मिर-४५१ यांच्या सीटीत (रेणू मोजणाऱ्या पीसीआर तपासणीत तो दिसेपर्यंत लागलेली चक्रं) ७ पेक्षा जास्त फरक असेल, तर नमुना बाद करा.

म्हणून रक्त घेतलं तिथेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी घ्या; हिरवी नको, तिच्यातलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पीसीआरचं एन्झाइम अडवतं. भरती रुग्णाला हेपरिन सुरू होण्याआधीच रक्त घ्या. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या घरात जातो, तरी नळी बर्फात खुपसू नका. गारव्याने प्लेटलेट चेतवतात. २० ते २५ अंश पुरे. २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर), १० मिनिटं फिरवा. पांढऱ्या थरावर अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा सोडून वरचा घ्या आणि २५०० जीवर १५ मिनिटं पुन्हा फिरवा. प्लेटलेट राहिल्या तर त्यांच्यातला मिर-२१ हृदयाच्या नावावर जमा होतो. आणि जी म्हणजे आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे: १० सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे फक्त १००० जी. मग २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आहे, आणि ते विसरून चालणार नाही. त्या रुग्णाच्या पेशी अंगातच फुटत असतात. नळी कितीही जपली तरी मिर-४५१ चढाच येणार. आधी सिकलसेल तपासा, त्यांचा गट वेगळा ठेवा, आणि तुलनेसाठी मिर-१६ मुळीच धरू नका.